वाघिणीचं उसनं सांबर

शके सतराशे बावन्न. माघ महिना, मोहाची पानं गळत होती. बरं का, तेव्हाची गोष्ट.

सातपुड्यात दित्या नावाचा तीरंदाज राहायचा. आदल्या साली पाऊस पडला नाही. घरात दाणा नव्हता. तेव्हा एका वाघिणीने आपल्या शिकारीतलं अर्धं सांबर त्याला उसनं दिलं. म्हणाली, "पुढच्या माघी पुनवेला, सूर्य बुडायच्या आत परत कर. नाहीतर तुझी गाय नेईन."

गाय एकच. तिच्या दुधावर दोन पोरी वाढत होत्या.

माघी पुनव उजाडली. पाणवठ्यावर सांबर आलं. बैलाएवढं. दित्याने बाण सोडला. तो पोटात, जरा मागे बसला. सांबर उधळलं.

मग दित्याने काय करावं? थांबावं. असं जनावर थोडं पळतं आणि बसतं. बापाने शिकवलं होतं. पण गाय डोळ्यांपुढे आली आणि हा धावला मागे. बसलेलं सांबर उठलं, ते पार दरीत उतरलं.

खडकावर वाघीण शेपटी हलवत होती. "पळ दित्या, पळ! असाच पळालास तर गुजरातेत गाठशील त्याला."

"मावशी, तुला वास येतो. तू दाखव ना."

"मी शोधलं तर ती माझी शिकार. तुझं उसनं तसंच."

मग दित्याची बायको आली. ठुमली तिचं नाव. धापा टाकणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "बस खाली. तू बसलास की ते बसेल."

बसली दोघं. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा उठली.

आधी पानापानावर रक्त मिळालं. मग दगडावर एखादा थेंब. मग तोही नाही. नुसता पाचोळा.

"गेली गाय," दित्या म्हणाला.

ठुमलीने शेवटच्या थेंबावर खूण म्हणून डोक्यावरची चुंबळ ठेवली आणि गुडघे टेकले. पाचोळ्यातून मुंग्यांची रांग चालली होती. मुंग्या कशाला जमतात? सांडलेल्या रक्ताला. आणि बरं का, एक मुंगी चक्क बोलली, "ए बाई, सरक! वाटेत काय बसतेस?"

ठुमली सरकली. मग रांगेच्या कडेकडेने दोघं रांगत गेली. रांग करवंदीच्या जाळीत शिरली. आत सांबर पडलेलं. शांत झालेलं.

दित्याने त्याच्या कपाळाला हात लावला. मग अशी उडी मारली, की करवंदीचे काटे पाठीत घुसले. ठुमली काटे काढते आणि हसते, काढते आणि हसते.

सूर्य अजून हातभर वर होता. दित्याने सांबराचे दोन भाग केले. त्याच्या अर्ध्यावर सगळा पाडा पोटभर जेवला. ढोल वाजले. पोरी दूध पिऊन झोपल्या. तुम्हीही डोळे मिटा. थोडंच राहिलंय.

जेवणाच्या आधीच, सूर्य बुडायच्या आत, वाघिणीने दोन्ही भाग हुंगले होते. मोठा कुठला ते पाहिलं. सारखेच निघाले. मग तिने आपला उचलला आणि दरीत उतरली.

उसनं फिटलं.