अकरा अंश

“मग माझा चेंडू का पडतो, मास्तर? कोन तर बरोबर अकरा आहे.”

येसूमास्तर बाकावरून उठले नाहीत. तरुणपणी याच गोल्फच्या मैदानावर ते दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत. आता शिकवत.

कर्णिकांनी तक्ता उलगडला. नवशिके, सराईत, व्यावसायिक... प्रत्येकाच्या चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, हवेतलं अंतर. व्यावसायिकांच्या ओळीखाली तांबडी रेघ होती.

“त्यांचा कोन अकरा, माझाही अकरा. त्यांचा चेंडू पावणेतीनशे यार्ड जातो, माझा एकशे साठ. बत्तीस वर्षं पूल बांधलेत मी. आकडे कळतात मला.”

“पूल उडत नाहीत, साहेब.”

कर्णिक हसले नाहीत.

“त्यांचा वेग ताशी एकशे पासष्ट मैल,” मास्तर म्हणाले. “त्या वेगाच्या जिवावर अकराचा चेंडू तरंगतो. तुमचा वेग एकशे पंधरा. तो कशाच्या जिवावर तरंगेल?”

“वेग वाढवीन.”

“एकसष्टाव्या वर्षी?”

“मल्हारला जमत होतं.”



मल्हार कर्णिकांचा मुलगा. मास्तरांचाच विद्यार्थी. त्याला जाऊन पाच महिने झाले होते. कर्णिकांच्या हातातला क्लब, चेंडू मारायची ती काठी, त्याचाच होता, सपाट तोंडाचा, कडक दांड्याचा.

कर्णिकांनी पुन्हा फटका मारला. चेंडू गवताला धरून गेला आणि बसला.

मागच्या, फटके मोजणाऱ्या यंत्रावर आकडे उमटले. अकरा. एकशे अठ्ठावन्न. वर नाव होतं : मल्हार.

“यंत्रात अजून त्याचंच नाव?”

“बदललं नाही.” मग हळूच, “बदलवत नाही.”

“तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हा त्या नावापुढे सरासरी किती होती?”

“दोनशे अडुसष्ट.” ते आठवावं लागलं नाही.

“आज किती आहे?”

कर्णिक वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले.

“दोनशे... एक्केचाळीस.”



“म्हणजे माझे फटके... त्याच्यात मिसळत होते?”

“रोज.”

“तुम्हांला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही कोनाबद्दल विचारत होता.”

...

“माझे तेवढे पुसता येतील?”

“एकेक करून. कुठला कुणाचा, ते तुम्हांलाच ओळखावं लागेल.”

“ओळखेन. त्याचा एकही एवढा जवळ पडलेला नाही.”

त्यांनी यंत्रात नवं नाव उघडलं. स्वतःचं. अक्षरं दाबायला वेळ लागला. नावापुढे काहीच नव्हतं.

मास्तर उठले. कर्णिकांच्या हातातला क्लब त्यांनी अलगद सोडवला, तोंडावरचं गवत धोतराच्या सोग्याने पुसलं, टोपण चढवलं आणि तो बाकावर आडवा ठेवला. कोपऱ्यातला दुसरा आणून दिला. जुना, कलत्या तोंडाचा.

कर्णिकांनी तो उलटसुलट पाहिला.

“हा तर नवशिक्यांचा.”

“हो.”

“याने चेंडू नुसता वर जाईल, मास्तर.”

“हळू मारणाऱ्याला आभाळ जास्त लागतं, साहेब.”