खडखड आणि लिंबू-मिरची

घाटातला रस्ता अजून एकेरी होता, त्या काळातली गोष्ट. निवृत्तीच्या पिकअपचं इंजिन खडखडायला लागलं. शेजारचा गिअरबॉक्स घाबरून म्हणाला, "गप बस की! मालक वैतागतो."

"गप बसू?" इंजिन कडाडलं. "माझं ऑइल आटलंय, तुझं रस्ताभर गळतंय. गिअर बदलताना तुझे दात करकरतात, तरी तू तोंड दाबून बसतोस. मग मी नाही ओरडायचं तर कुणी?"

निवृत्तीने खडखड ऐकली. बॉनेट न उघडताच तो म्हणाला, "नजर लागली गाडीला!" त्याने पुढे ताजी लिंबू-मिरची बांधली आणि चाकाखाली एक लिंबू चिरडलं.

"अरे, लिंबू कसलं देतोस? तेल दे, तेल!" इंजिन संतापाने आणखी खडखडलं. निवृत्तीने गाण्यांचा आवाज वाढवला आणि टोमॅटोचे क्रेट भरून घाट चढायला घेतला.

मधल्या वळणावर गिअर अडकला, इंजिन जाम झालं आणि गाडी जागीच थांबली. आता खडखड नव्हती.

तेव्हा कुठे निवृत्तीने गाणी बंद केली. बॉनेट उघडून त्याने आत कान लावला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "काय होतंय गं तुला? बोल की!"