जुन्या आळीची कचऱ्याची टोपली

चंद्रकेतू राजाला कचरा हवा होता. थोडाथोडका नव्हे, डोंगराएवढा.

नव्या महालासाठी दगड काढून काढून वेशीबाहेर मोठी खाण पडली होती. ती बुजवून वर फुलबाग करायची, असं या पंचविशीतल्या राजाने मनात घेतलं. दवंडी पिटली गेली, की घरटी रोज एक टोपली कचरा खाणीत पडलाच पाहिजे. नव्या पेठेत सगळी तरण्या जोडप्यांची बिऱ्हाडं. सण आला की जुनं फेकायचं, नवं आणायचं. त्यांच्या टोपल्या दुपारच्या आत भरत. जुन्या आळीतून मात्र आठ दिवसांत एकही टोपली आली नाही.

राजाचा पारा चढला. "उद्या दिवस मावळायच्या आत आळीतून एक तरी भरली टोपली आली पाहिजे. नाहीतर घरं रिकामी करा. तिथे घोड्यांची पागा बांधू."

आळीच्या तोंडचं पाणी पळालं. टोपली भरायचं काम मंजुळेच्या गळ्यात पडलं. आळीतली ती एकटीच तरणी सून, नव्या पेठेतून आलेली. वर्षभर सासूशी, गोदाक्काशी, तिचं याच गोष्टीवरून वाजत होतं. माहेरी मडकं फुटलं की उकिरड्यावर जाई. इथे त्यात कोंबडी अंडी उबवत बसे.

"एकच टोपली ना, आत्याबाई? आपल्या परसातूनच दोन निघतील," असं म्हणत मंजुळेने पदर खोचला.

तिने चुलीतली राख उचलली. गोदाक्का म्हणाली, "अगं, भांडी कशाने घासशील? आणि राख चोळली नाही, नि मुगाला कीड लागली म्हणजे?"

नारळाच्या करवंट्या उचलल्या. "त्यांचे वाढायचे डाव करायचेत."

झिजलेली केरसुणी उचलली. "जात्याभोवतीचं पीठ झाडायला तीच लागते."

मंजुळा शेजारी गेली. भिकाजी आजोबांच्या ओसरीवर तळ झिजलेली एकच वहाण पडली होती. तिने हात घालताच आजोबा म्हणाले, "ठेव बाई ती खाली. तिच्या चामड्याची गोठ्याच्या दाराला बिजागरी करायची आहे."

बारा घरं झाली. दुपार टळली. टोपली सकाळी होती तशीच हलकी. मंजुळा पायरीवर बसली. सकाळी तिला सासूचा राग येत होता. आता हसू येत होतं, आणि भीतीही वाटत होती. हे घर गेलं, तर हा सगळा संसार आत्याबाई कुठे मांडणार?

ती उठली आणि थेट दरबारात गेली.

"महाराज, आमच्या आळीत कचरा आहे," तिने मुजरा करून सांगितलं. "मी मंजुळा, नव्या पेठेतून आलेली सून, मला तो जागोजाग दिसतो. पण मालक हात लावू देत नाहीत. आपण स्वतः येऊन टोपली भरावी. राजाला कोण अडवणार?"

"हे बरं सुचलं तुला," राजा खूश झाला.

"फक्त एक अट. मालकाने वस्तूचा उपयोग सांगितला, तर ती जागेवर ठेवायची."

"फुटक्या-तुटक्याचा उपयोग काय सांगणार? मान्य."

राजा आळीत आला. मागे कारभारी टोपली घेऊन चालत होता. राजाने फाटकं धोतर ओढलं. एक म्हातारी म्हणाली, "त्याची फडकी होतील, महाराज. फडकी विरली की वाती." राजाने आंब्याच्या कोयी उचलल्या. "भाजून खायच्यात. उरतील त्या पावसाळ्यात लावायच्या." त्याने शेंगांची टरफलं उचलली, तशी शेळीच पुढे आली. तिने ती राजाच्या हातातूनच खाल्ली. टोपली मात्र रिकामीच राहिली.

आता राजाही इरेला पेटला. गोदाक्काच्या परसात काहीतरी चमकलं, म्हणून तो घाईने वाकला. तेवढ्यात त्याचा जरीचा शेला बाभळीच्या कुंपणात अडकला आणि टर्रकन उभा फाटला.

राजाने शेला काढला आणि ऐटीत टोपलीत टाकला. "हा घ्या तुमच्या आळीतला कचरा! आता कोण काय म्हणतो बघू."

गोदाक्काने तो उचलून उजेडात धरला. "रेशीम चांगलं आहे. तान्ह्या पोरांच्या चार कुंच्या होतील, दोन बटवे होतील. आणि काठ सोनाराकडे नेऊन जाळला, तर मासाभर वजनाचं तरी सोनं निघेल. काठाची जर खऱ्या सोन्याची आहे."

"सोनं?" राजाचा हात आपोआप पुढे आला. "आणा तो इकडे."

गोदाक्काने शेला राजाच्या हातात दिला. त्याने घडी करून काखेत मारला. मंजुळेने कारभाऱ्याच्या हातातली टोपली घेतली आणि राजापुढे धरली.

"महाराज, मालकांनीही आपली वस्तू परत घेतली. आता आपणच सांगा, टोपलीत काय घालू?"

राजाने टोपलीत पाहिलं, काखेतल्या शेल्याकडे पाहिलं, आणि तो असा खदखदून हसला की कुंपणावरची कोंबडी फडफडत पळाली. हसता हसता त्याने शेला गोदाक्काच्या खांद्यावर घातला.

"घरं तुमची, आळी तुमची. कारभारी, हुकूम मागे घेतला म्हणून लिहा. मंजुळे, तुला काय हवं ते माग."

मंजुळेने सासूकडे पाहिलं. "महाराज, महालातला कचरा रोज सकाळी आमच्या आळीत धाडावा."

"एवढंच? दिला!"

तेवढ्यात गोदाक्का सुनेच्या कानाशी लागली. मंजुळेने मान डोलावली.

"आणि महाराज, आत्याबाई म्हणतात, टोपल्या परत मागू नका."