लुगड्याची पदवी

वस्तूंना अजून बोलता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट. एका कौलारू घराच्या माळ्यावर बंद पडलेलं घड्याळ, वातीचा स्टोव्ह, तडा गेलेली बरणी आणि एक विरलेलं अंजिरी लुगडं राहत होतं. दुपारी कौलांच्या फटीतून ऊन उतरलं, की सगळी पेंगत पेंगत जुन्या आठवणी काढत.

एकदा शहरात साहेबी बोलणं शिकलेला घरधनी वसंता वर आला. घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, "डिस्कार्ड." स्टोव्हला म्हणाला, "स्क्रॅप." बरणीला, "डिस्पोज." बोट लुगड्याकडे वळलं, तोच खालून आई ओरडली, "ते राहू दे रे! गोधडीला होईल."

वसंता उतरला आणि माळ्यावर एकच आनंद झाला.

"थेट साहेबाच्या भाषेतली पदवी!" घड्याळ म्हणालं.

"माझी कशी खणखणीत आहे!" स्टोव्ह फुशारला.

लुगडं मात्र हिरमुसून घडीत शिरलं. सकाळी भंगारवाल्याच्या हातगाडीवर ती तिघं वरातीला निघाल्यासारखी ऐटीत बसून गेली, तेव्हा तर त्याला रडूच आलं.

मग सुई आली. घडीवर घडी बसली, टाक्यामागून टाका पडत गेला, आणि लुगड्याला हळूहळू गुंगी चढली. जाग आली तेव्हा थंडी पडली होती. वसंताची लेक त्याला हनुवटीपर्यंत ओढून घेत झोपेत पुटपुटली, "माझी."

शब्द इंग्रजी नव्हता, केवढासा तर होता. तरी लुगड्याला वाटलं, एवढी मोठी पदवी घड्याळालासुद्धा मिळाली नसेल.