शेळीने पाडलेली गाडी

एकदा एक मोटारसायकल आठ महिन्यांत तिसऱ्यांदा पडली. चालताना नव्हे, जागेवर उभी असताना. तिसऱ्या वेळी तर एका शेळीने तिला अंग घासले, एवढेच निमित्त झाले. गाडी चंद्रकला नावाच्या आरोग्यसेविकेची होती. डोंगरपट्ट्यातल्या अकरा वाड्यांवर जाऊन मुलांना लस टोचायची, गरोदर बायकांना तपासायचे, हे तिचे काम. तिला सगळे सिस्टर म्हणत. शेळीचा प्रकार झाल्यावर वाडीतली पोरे हसली आणि विसरून गेली. आरोग्य केंद्रातली मोठी माणसे मात्र आठवडाभर हसत राहिली.

केंद्राचे डॉक्टर स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी तिला बोलावून सौम्य शब्दांत सांगितले, "सिस्टर, गाडी झेपत नसेल तर लाज बाळगू नका. केंद्रात बसून काम करा. वाड्यांवर जीप मिळेल तसं कुणीतरी जाईल." जीप केव्हा मिळते हे त्यांनाही ठाऊक होते आणि तिलाही. वरच्या चार वाड्यांना तर जीप चढेल असा रस्ताच नव्हता. तिथे पाऊलवाटेने मोटारसायकलच जाऊ शके. छत्तिसाव्या वर्षी ती गाडी शिकली होती ती त्याचसाठी. तरीही तिने अर्ज लिहून दिला की आपल्याकडून फिरतीचे काम काढून घ्यावे. त्यावर सोमवारी सही व्हायची होती. गाडी विकायचे ठरले, बाजारपेठेतला एक कापडाचा व्यापारी ती शनिवारी दुपारी येऊन बघणार होता, आणि विकायच्या वस्तूला जरा रूप यावे म्हणून गाडी दुरुस्तीला आली होती.

ते गॅरेज एका वृद्ध कारागिराचे होते. त्यांना गावात वस्ताद याखेरीज दुसरे नाव उरले नव्हते. अलीकडे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ते दाराशी बाकावर बसून असत आणि सगळे काम त्यांचा शिष्य निवृत्ती करी. निवृत्ती तिशी ओलांडलेला, हाताचा विलक्षण सफाईदार आणि त्या सफाईचा थोडा अभिमान असलेला माणूस होता. अभिमान बाळगावा असेच त्याचे काम होते, हेही सांगून टाकतो. त्याने त्या गाडीची मोडलेली ब्रेकची दांडी बदलली, आत वळलेले पायातले ब्रेकचे पेडल तापवून सरळ केले, तिरके झालेले हँडल सैल करून जागेवर आणले, टाकीचा पोचा आतून ठोकून काढला, सायलेन्सरवरचे ओरखडे घासून पुसून टाकले. नवा आरसा बसवला. दोन दिवसांच्या कष्टांनंतर ही गाडी कधी पडली होती असे कुणी म्हटले असते तर लोकांनी त्यालाच खोटे पाडले असते.

शनिवारी सिस्टर आली तेव्हा गाडी अंगणात उभी होती. अंगण सपाट, सिमेंटचे. निवृत्ती फडक्याने टाकी पुसत होता. बाकावरून वस्तादांनी विचारले, "कुठल्या अंगाला पडली होती रे ही?"

"कुठल्याही अंगाला पडली असू द्या वस्ताद, आता नवी झाली आहे."

"ते दिसतंय मला. मी विचारलं ते सांग."

निवृत्ती जरा घुटमळला. मग म्हणाला, "एवढं नाही लक्षात. जे मोडलं होतं ते बदललं. खरं सांगायचं तर सिस्टर गाडी लावताना घाई करतात. गाडीत दोष नाही काही."

हे त्याने सिस्टरच्या देखत म्हटले. आपल्यातले पुष्कळ जण असेच बोलतात. ज्याच्याविषयी बोलायचे तो तिथे उभा आहे हे आपल्याला दिसत नाही. मीही यातून सुटलेलो नाही.

सिस्टर शांतपणे म्हणाली, "घाई नाही करत हो मी. पहिल्यांदा पडली तेव्हा तुम्ही जे जे सांगितलं ते सगळं करते. जागा सपाट आहे का बघते, गिअरमध्ये टाकते, हँडल डावीकडे वळवून कुलूप लावते, जमीन मऊ असली तर स्टँडखाली चपटा दगड घालते. लावल्यावर दोन पावलं जाऊन मागं वळून बघते. तरी पडते. आता मला वाटायला लागलंय की माझ्याच हातात काही राहिलं नाही. परवा लस टोचण्याआधी मात्रा तीनदा तपासली मी. पंधरा वर्षांत असं कधी करावं लागलं नव्हतं."

वस्ताद बाकावरून उठले. चालत गाडीच्या डाव्या बाजूला आले. उजव्या हाताचे एक बोट त्यांनी सीटच्या कडेला टेकवले आणि ढकलले. फार जोराने नव्हे. एखादे दार नीट लागले आहे ना हे पाहायला आपण ढकलतो, तेवढेच. ती चकचकीत गाडी पलीकडच्या अंगाला कलली आणि धाडकन सिमेंटवर पडली. नवा आरसा फुटला. टाकीच्या झाकणातून पेट्रोलचे चार थेंब बाहेर आले आणि त्याचा वास अंगणभर पसरला.

निवृत्ती धावला. वस्तादांनी हात आडवा घातला. "पेट्रोलचा कॉक बंद कर. बाकी हात लावायचा नाही. कुणीच उचलायची नाही अजून."

निवृत्तीने खाली वाकून कॉक फिरवला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ज्या माणसाच्या हाताखाली तो नऊ वर्षे शिकला, त्याच माणसाने त्याच्या दोन दिवसांच्या कामाची माती केली होती, आणि तीही गिऱ्हाइकासमोर. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "वस्ताद, माझं काही चुकलं असेल तर मला बोलायचं होतं. गाडीवर राग कशाला काढला?"

"राग नाही काढला. आता सांग, कुठल्या अंगाला पडली?"

"उजव्या."

"आणि स्टँड कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

"मग ती जमिनीत स्टँड रुतून पडली का? स्टँड घसरून पडली का? स्टँडच्या बाजूला तर ती गेलीच नाही."

निवृत्ती गाडीजवळ गुडघ्यांवर बसला. आडव्या पडलेल्या गाडीचा साइड स्टँड आता हवेत होता, थेट त्याच्या डोळ्यांसमोर. त्याच्या टोकाला तळहाताएवढी लोखंडी पट्टी होती आणि पट्टीच्या वर दोन बोटे लांबीचा एक जोडतुकडा. जोडावरचे वेल्डिंग इतके सुबक होते की ते कुणाचे हे विचारायची गरज नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी गाडी पहिल्यांदा पडली होती ती अंगणवाडीपुढच्या काळ्या जमिनीत. आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन भुसभुशीत झाली होती, स्टँडचे अणकुचीदार टोक आत गेले आणि गाडी डाव्या अंगाला आडवी झाली. तेव्हा निवृत्तीने ती दुरुस्त तर केलीच, वर आपल्या मनाने स्टँडला रुंद पट्टी लावली. ते योग्यच होते. पण गाडी स्टँडवर फार कललेली दिसते म्हणून त्याने मध्ये दोन बोटांचा तुकडाही जोडला. गाडी ताठ उभी राहू लागली. सिस्टरला त्याने कौतुकाने दाखवले होते, "आता बघा कशी ऐटीत उभी राहते." तिनेही मनापासून त्याचे आभार मानले होते. दुसऱ्यांदा गाडी पडली ती शाळेच्या कोपऱ्यावर, वाऱ्याने. तिसऱ्यांदा शेळीने पाडली. दोन्ही वेळा मोडली ती उजवी बाजू, आणि दोन्ही वेळा ती निवृत्तीनेच दुरुस्त केली होती.

वस्ताद जवळच्या पिंपावर टेकले आणि बोलू लागले. त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"वस्तू पडली की माणूस आधी उचलतो. लाज वाटते ना, चार लोक बघतात. उचलून झाली की काय मोडलं ते बघतो. कशी पडली ते बघायचं राहूनच जातं, कारण तोवर ती उभी केलेली असते. दोन वेळा तू मोडलेलं बघितलंस, निवृत्ती. पडलेलं नाही बघितलंस. आणि दुसरं सांगतो. साइड स्टँडवरची गाडी कललेलीच असायला पाहिजे. ती कलते म्हणून तिचा भार स्टँडवर येतो, आणि भार येतो म्हणून ती टिकते. तू तिला ताठ केलीस. तिचा भार कुठंच टेकला नाही. स्टँड नुसता जमिनीला लागून राहिला, नावापुरता. मग शेळीसुद्धा पुरते. आधार कमी पडला तर ती या बाजूला पडते, जास्त झाला तर त्या बाजूला. कमी पडला तर देणाऱ्याला कळतं. जास्त झालेला त्याला कळत नाही, कारण देताना त्याला बरं वाटलेलं असतं."

मग ते म्हणाले, "चूक माझीही आहे. आठ महिन्यांपूर्वी हे काम माझ्या हाताखालून बाहेर गेलं. डोळे अधू होते असं म्हणता येईल. पण बोट तर होतं. तेव्हाच लावून बघायला हवं होतं."

एवढ्यात कापडाचा व्यापारी फाटकातून आत आला. अंगणाच्या मधोमध गाडी पडलेली, तिच्याभोवती तीन माणसे स्तब्ध. तो थबकला. "हीच का ती?" असे त्याने विचारले.

कुणी काही बोलायच्या आत निवृत्ती उठून सिस्टरसमोर जाऊन उभा राहिला. परक्या माणसासमोर हे सांगणे त्याला जड जात होते, हे स्पष्ट दिसत होते, आणि व्यापारी जाईपर्यंत थांबायची सोयही होती. तो थांबला नाही. "सिस्टर, पहिल्यांदा गाडी जमिनीनं पाडली. नंतर दोन्ही वेळा मी पाडली. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. आणि मी दोन्ही वेळा तुम्हालाच गाडी कशी लावायची ते शिकवत बसलो."

सिस्टरचा आवाज चढला. "आठ महिने, निवृत्तीभाऊ. आठ महिने मी रोज स्वतःला बोल लावले. घरी सांगितलं, माझं वय झालं. डॉक्टरांना लिहून दिलं." तिला राग आला होता आणि तो येणेच रास्त होते. निवृत्तीने मान खाली घातली, पण तिथून हलला नाही. राग ओसरल्यावर ती व्यापाऱ्याकडे वळली. "आपण आलात, माफ करा. पण आज गाडी दाखवायची नाही. विकायची की नाही तेच आता ठरायचं आहे." व्यापारी समंजस होता. नमस्कार करून तो परत गेला.

मग वस्ताद म्हणाले, "आता उचला. बाई, तुम्ही उचला. हँडल आणि मागचं कडं धरा, गाडीकडं पाठ करून कंबर टेकवा, गुडघ्यात वाका आणि पायांच्या जोरावर मागं मागं या. हातांनी ओढू नका." तिने तसे केले. पहिल्या खेपेला गाडी अर्धी उठून परत गेली. निवृत्ती पुढे सरसावला, वस्तादांनी नुसते त्याच्याकडे पाहिले. दुसऱ्या खेपेला ती उठली. सिस्टरला धाप लागली होती, पण ती हसत होती. आजवर गाडी पडली की ती उचलायला गावकऱ्यांना हाका मारी.

निवृत्तीने पट्टीवरचा तुकडा कापून काढला आणि पट्टी थेट स्टँडला जोडली. मोडलेला आरसा बदलला. पुन्हा आलेला टाकीचा पोचा काढायला तो बसणार होता, तेव्हा सिस्टर म्हणाली, "राहू द्या तो. त्यानं काही अडत नाही." गाडी स्टँडवर लावली. ती डाव्या अंगाला चांगलीच कलून उभी राहिली. निवृत्तीने वस्तादांसारखेच बोट लावून ढकलली, मग तळहाताने ढकलली. गाडी जागची हलली नाही.

"वाकडी दिसते," सिस्टर म्हणाली.

"दिसू द्या," निवृत्ती म्हणाला.

सोमवारी सकाळी तो कामाच्या कपड्यांतच तिच्यामागोमाग आरोग्य केंद्रात गेला. तिने त्याला बोलावले नव्हते. डॉक्टरांच्या खोलीत आणखी चार माणसे होती, त्यांतली दोन शेळीवरून हसणारी. त्या सर्वांसमोर त्याने स्टँडची हकिगत सांगितली, कापलेला तुकडा खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, बाईंनी अर्ज माझ्या चुकीमुळं दिला आहे. माझ्या चुकीवर तुमची सही नको." डॉक्टरांनी तो तुकडा उचलून पाहिला. अर्ज फायलीतून काढून त्यांनी सिस्टरपुढे ठेवला. ती तो घेऊन घडी करत बाहेर आली.

लसीचा डबा घेऊन ती त्याच दिवशी वरच्या वाडीला निघाली. पहिल्या चढापर्यंत निवृत्तीची वाट तीच होती, म्हणून तो मागे बसला. चढाच्या पायथ्याशी पाण्याच्या टाकीजवळ तिने गाडी थांबवली, निवृत्ती उतरल्यावर स्टँड लावला आणि बाटली भरायला उतरली. गाडी कलली. निवृत्तीचा हात आपोआप तिला धरायला पुढे गेला, आणि सीटपासून वीतभर अंतरावर त्याने तो थांबवला. सिस्टर पाणी भरून येईपर्यंत तो हात मागे घेऊन उभा राहिला. गाडी आपल्या भारावर उभी होती.

आपण ज्यांना उभे केले असे आपल्याला वाटते, त्यांच्यापैकी कुणी पुन्हा पडले, तर उचलण्याआधी एकदा ते कुठल्या बाजूला पडले आहे हे पाहावे.