जाडजूड रेडिएटर आणि गोंधळलेला पंप

फार वर्षं झाली नाहीत, पण संगणकांच्या हिशेबाने युग लोटलं. ऋजुताच्या टेबलावर डब्याएवढा एक संगणक होता. त्यातला लहानसा पंप नळीतून पाणी फिरवून प्रोसेसरला थंड ठेवायचा.

एकदा ऋजुताने पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारा जुना पातळ रेडिएटर काढून नवा जाडजूड बसवला. "आता बघा कसे गारेगार होता!" म्हणत तिने झाकण दाबून लावलं.

झालं भलतंच. "अरे पंपा, भाजतोय मी! पाणी कुठाय?" प्रोसेसर ओरडला.

"जीव तोडून ढकलतोय, दादा!"

"माझ्यापर्यंत तर थेंबही धड येत नाही," रेडिएटर गुरगुरला. "हा पंप म्हातारा झालाय. काढून टाका त्याला."

पंपाला काही सुचेना. कालपर्यंत जमत होतं, मग आज काय झालं? त्याने आणखी जोर लावला, तरी प्रोसेसर तापतच गेला. आपण खरंच संपलो की काय, अशी त्याला भीती वाटली. शेवटी त्याने नळीला विचारलं, "ताई, तुला तरी काही कळतंय का?"

"रेडिएटर माझ्या गळ्यावर बसलाय रे," नळी कशीबशी म्हणाली. "तू जोर लावलास की नुसतं दुखतं."

तेवढ्यात उष्णता असह्य होऊन संगणकच बंद पडला. ऋजुताने झाकण उघडलं, चेपलेली नळी पाहिली आणि मुकाट्याने जुना रेडिएटर परत लावून पाणी भरलं.

"आता तू जोर लावत नाहीस, रेडिएटरही लहान, तरी मी गार कसा?" प्रोसेसरने विचारलं.

"मलाही नीट कळलेलं नाही, दादा," पंप म्हणाला. "नळीताईला विचारू या."