चार मापांची देवी

काळशेतच्या देवळात गेलात तर मान वर करून देवी शोधू नका, लोक हसतील. आमची देवी पाळण्यात असते. ती तिथे कशी आली, ते सांगतो. फार वर्षांपूर्वी, खाडीत दूरदेशीची गलबतं लागत तेव्हा, गावात धाकू नावाचा पाथरवट होता. त्याने हात ठेवलेला दगड भर उन्हात गार राहायचा, असं म्हणतात.

त्या काळी गावात मुलं जगत नव्हती. बाराव्याच्या आत जायची. लोक इतके धास्तावले, की बारा दिवस बाळाला कोणी तेल लावेना, मांडीवर घेईना. उगाच जीव लावून मग रडायचं कशाला, म्हणायचे. धाकूच्या लेकीची, आवडीची, दोन अशीच गेली होती आणि तिसऱ्याचे दिवस भरत आले होते. तेव्हा गावाने देवी बसवायचं ठरवलं आणि घाटावरून बारा बैलांनी शिळा ओढून आणली.

आता मूर्तीचा हिशोब ऐका. टाळूपासून हनुवटीपर्यंत सूत धरायचं, ते एक माप. माणूस आठ मापांचा, देव नऊ मापांचा. यात कोणाचं काही चालत नाही. छिन्नी लावण्याआधी पाथरवट सगळी शिळा हातोडीने वाजवून बघतो, कुठे पोकळ तर नाही ना. पण धाकूला लेकीची घाई. त्याने वरचा अर्धा दगड वाजवला, खालचा राहून गेला. डोकं घडवून झालं, नाकडोळे शेवटी करायचे म्हणून ठेवले, आणि कमरेशी आला तोच दगड दुभंगला. वर जेमतेम चार मापं उरली.

सोमा गुरव म्हणाला, "चार मापांची देवी नसते, धाकू. बुडव खाडीत."

"पौर्णिमेपर्यंत थांबा," धाकू म्हणाला. "नाही जमलं तर दगडामागोमाग माझी छिन्नीही बुडवा."

मग तो बंदरावर गेला आणि गलबतागलबतावर विचारत सुटला, तुमचा देव किती मापांचा? एकाने पितळेचा देव दाखवला, पैलवानासारखा, पोटाचे स्नायू मोजून घ्यावेत असा. एकाने लाकडी देव काढला, त्याचं डोकंच अर्ध्या अंगाएवढं. एकीने मुठीत मावणारी मातीची बाई दाखवली, सगळी पोट आणि छाती. एक म्हातारा म्हणाला, आमच्या देवाला मापच बसत नाही, म्हणून आम्ही नुसती वेलबुट्टी काढतो. धाकू घरी आला तो खुशीत. ज्याला ज्याची गरज, तसं तो देवाला अंग देतो, एवढं त्याला कळलं होतं. आपल्या गावाला कशाची गरज, ते मात्र कळेना.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आवडीला मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे कोणी जवळ जाईना. धाकू गेला. हातात सूत होतंच. सवयीने त्याने नातीच्या टाळूपासून हनुवटीपर्यंत धरलं, मग पाय सरळ करून अंगभर मोजलं. चार मापं! चार भरली, ना कमी ना जास्त. धाकू तिथेच बसला आणि रडला.

त्या दिवशी त्याची छिन्नी आपोआप चालत होती, असं म्हणतात. पौर्णिमेला गाव जमलं तर समोर उताणी निजलेली, मुठी वळलेली तान्ही मुलगी.

"देवी आली आहे," धाकू म्हणाला, "पण कालच जन्मली आहे. आपल्याला सांभाळायच्या आधी तिला आपण सांभाळायचं."

सोमा गुरव पुढे होऊन वाकला. मग त्यानेच तेलाची वाटी आणि देवीसाठी पाळणा मागवला. देवीला न्हाऊमाखू घालायचं, तर आवडीच्या मुलीला कोरडं कसं ठेवायचं? बाया दोघींनाही मांडीवर घेऊ लागल्या. बारावा दिवस गेला, तेरावा उजाडला आणि धाकूची नात भूक लागली म्हणून रडली. सगळं गाव ते रडणं ऐकायला दाराशी उभं होतं, असं म्हणतात.

आजही काळशेतात बाळ जन्मलं की देवळातून धाकूचं सूत येतं. माप घेतात, सूत पाळण्याला बांधतात आणि घरातला प्रत्येक जण बाळाला तेलाचं बोट लावतो. पौर्णिमेला देवीलाही सूत लावतात. ती आता चार मापं आणि वर दोन बोटं भरते. हे मात्र ‘असं म्हणतात’ नव्हे, मी स्वतः मोजलं आहे. नऊ व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे. तोवर तिला तेल लावायचं काम आमचं.